रोषणाईतलं बघणं

कोल्हारच्या स्टँडवर नगरची एसटी यायच्या आत चांगुणाने तीन वेळा पिशवी उघडून बघितली, आणि तिन्ही वेळा आपण नेमकं काय शोधतोय हे तिला सांगता आलं नसतं. डबा होता, पोरीचा स्वेटर होता, पाण्याची बाटली होती. तिनं पिशवीचं तोंड बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. शेजारी उभी असलेली सून म्हणाली, द्या इकडं, मी धरते. चांगुणाने पिशवी दिली आणि बस आल्याबरोबर तिच्या हातातून परत ओढून घेतली.

निघाल्या होत्या तिघी केडगावला, चांगुणाच्या धाकट्या भावाकडे, नाताळची रोषणाई बघायला. चांगुणा, तिची विधवा सून रेश्मा आणि रेश्माची पाच वर्षांची पोर प्रवरा. केडगावच्या पुढे पुणे रोडला लग्नाचं एक मोठं लॉन्स आहे. धनुर्मासात लग्नाच्या तिथी नसतात, मग मोकळ्या लॉन्सचं करायचं काय, म्हणून मालकानं यंदा तिथं नाताळचे दिवे लावले होते. तिकीट काढायचं, एका तोंडानं आत शिरायचं, दिव्यांच्या बोगद्यातून, दिव्यांच्या झाडांखालून चालत जायचं आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर पडायचं. कोल्हारातल्या निम्म्या मोबाइलांवर त्याचे व्हिडिओ येऊन गेले होते. नाताळाशी घरात कुणाचा संबंध नव्हता, पण झगमगाट बघायला कुठं संबंध लागतो?

तशी रोषणाई हे नुसतं निमित्त होतं. खरं कारण चांगुणाला, तिच्या नवऱ्याला रंभाजीला आणि केडगावच्या भावाला, बिभीषणला, एवढ्या तिघांनाच ठाऊक होतं. त्या लॉन्सवर आज एक माणूस रेश्माला बघायला येणार होता.

अशी बघणी आताशा सर्रास होतात. पाट मांडायचा, पोहे करायचे, मुलीनं खाली मान घालून चहाचा ट्रे आणायचा, ही कौतुकं पहिल्या लग्नाची. दुसऱ्या लग्नाच्या बाईला कुणी पाटावर बसवत नाही. ती बाजारात किंवा देवळात आपली चालत असते आणि माणूस लांबून बघून जातो. पसंत पडली तर पुढची बोलणी. नाही पडली तर आपल्याला कुणी नाकारून गेलं हे बाईला कळतही नाही. तिच्या जिवाला लागत नाही, गावात बोभाटा होत नाही. पद्धत वाईट म्हणता येणार नाही. फक्त जिला बघायचं ती सोडून बाकी सगळे पिशव्या उघडत-मिटत बसतात.

माणूस चांगला होता. अजिनाथ नाव, पस्तिशीचा, मूळचा पाथर्डीकडचा. नागापूरच्या एमआयडीसीत बिभीषणच्याच कारखान्यात लेथ मशीनवर होता. बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नाही. तंबाखूसुद्धा खात नाही, असं बिभीषणने फोनवर दोनदा सांगितलं होतं.

पण चांगुणा पिशवी उघडत-मिटत होती ती अजिनाथसाठी नव्हे.

तिचा एकुलता एक मुलगा गोरक्षनाथ, घरातला गोरख, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. तेव्हा प्रवरा आठ महिन्यांची होती आणि रेश्मा चोवीस वर्षांची. पुढं रेश्मा गावातल्याच दूध संकलन केंद्रावर कॉम्प्युटरवर बसायला लागली. सकाळी दूध, संध्याकाळी दूध, मधे घरचं काम. मग पोरीला न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं, रडली तर अंगणात फिरवणं हे सगळं आपोआप चांगुणाकडं आलं. पोर चालायला लागली ती गोरखसारखी, डावा खांदा किंचित खाली टाकून. त्या दिवसापासून चांगुणा तिला नजरेआड करीना.

आणि तरी रेश्माचं पुन्हा लग्न लावावं हे पहिल्यांदा चांगुणाच्याच मनात आलं, हेही सांगायला हवं. एका दुपारी रेश्मा मागच्या पडवीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती आणि कशाला तरी अगदी पोट धरून हसत होती. चांगुणा दारात आली. रेश्माने तिला पाहिलं, हसू तिथल्या तिथं गिळलं आणि पदर नीट केला. चांगुणा चुलीपाशी जाऊन बसली. अठ्ठाविसाव्या वर्षी ही पोर आपल्याला बघून हसायची थांबते, या विचारानं तिला स्वतःचीच लाज वाटली. त्याच संध्याकाळी तिनं रंभाजीजवळ विषय काढला. रंभाजी म्हणाला, करून टाक.

इथवर सगळं सरळ होतं. मग बिभीषणने स्थळ आणलं आणि फोनवर विचारलं, पोरीचं काय? चांगुणा दूध उतू जाताना पातेलं उचलावं तशी घाईनं बोलून गेली, पोर आमच्याकडंच राहील, रेश्माची तयारी हाय. तिला विचारलंस का, असं बिभीषणने विचारलं. इचारलं की, म्हणाली चांगुणा.

विचारलं नव्हतं. विचारायची हिंमतच नव्हती. दुसऱ्याची पोर कोण सांभाळतो, पोर पदरात असली तर चांगलं स्थळ येणार नाही, म्हणजे हे रेश्माच्याच भल्याचं आहे, असं उत्तर तिनं महिनाभर मनात घोळवून तयार ठेवलं होतं. पण प्रश्नच कुणी विचारत नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन हिंडणाऱ्या माणसाला कुठंही बूड टेकवत नाही. रंभाजीला तर या अटीचा पत्ताच नव्हता.

खरं तर पोरीला आज घरीच ठेवायचं ठरलं होतं. चांगुणाने सकाळी तसं सुचवून पाहिलं. प्रवराने ओट्यावर लोळण घेऊन असा गळा काढला की गोठ्यातल्या गाया बघायला लागल्या. रंभाजी म्हणाला, न्या की तिला, धारा मी काढतो. आता पोर बरोबर होती, आणि चांगुणाला एकच काम होतं. बघणं होईपर्यंत पोरीला रेश्मापासून लांब ठेवायचं. पोर आईला बिलगलेली दिसली, तर ही तयारी कसली, असं कुणीही विचारलं असतं.

नगर-मनमाड रस्त्यानं एसटी उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं धक्के खात चालली होती. रेश्मा खुशीत होती. चांगुणानेच आग्रह करून नेसायला लावलेली जांभळी साडी तिला खुलून दिसत होती, आणि ती दिसते आहे हे तिलाही ठाऊक होतं. खिडकीतून ती पोरीला काहीबाही दाखवत होती. चांगुणा मात्र एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर, मधेच उठून साडी सारखी कर, मधेच कंडक्टरला राहुरी गेली का विचार. राहुरी कधीच मागं पडली होती.

नगरच्या स्टँडवर बिभीषण रिक्षा ठरवून उभा होता. त्यानं पोरीला उचललं, रेश्माची चौकशी केली आणि बहिणीच्या कानाशी लागून सगळं सांगितलं. राखाडी जाकीट आहे. हरणांपाशी उभा राहील. बोलणार नाही, नुसता बघणार. मी रेश्माला फोटो काढायला पुढं नेतो, तू पोरीला घेऊन मागं राहा. चांगुणाने मान डोलावली. तिच्या पायातली चप्पल रिक्षात चढताना दोनदा निसटली.

लॉन्सवर पोचल्या तेव्हा नुकताच अंधार पडला होता. दारावर चांदणीची मोठी कमान, आत नजर ठरू नये असा उजेड. गर्दी दोरखंडाच्या मधून एकाच दिशेनं सरकत होती. जागोजागी पाटी होती, मागे फिरू नये. चांगुणाने ती वाचली आणि उगाच मागं वळून बघितलं.

पहिल्यांदा बोगदा लागला. डोक्यावर, दोन्ही अंगांना नुसते पिवळे दिवे, आणि त्यातून माणसं मोबाइल वर धरून चाललेली. प्रवराचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिनं आधी आज्जीचा हात ओढला, मग मम्मीचा, मग दोघींच्या मधे लोंबकळून झोका घेतला. चांगुणाने हिकडं ये, हिकडं बघ म्हणत तिला आपल्या बाजूला घेतलं. रेश्मा म्हणाली, राहू द्या की मधे.

बोगद्याच्या पुढं कुठल्याशा चर्चच्या पोरांनी गवताचा गोठा केला होता. त्यात मेरी, बाळ येशू, दाढीवाला बाप आणि प्लास्टरची एक गाय. चांगुणाने गायीकडं बघून नाक मुरडलं. असल्या कासेच्या गायीला कोण दारात बांधून घेईल, असं ती बिभीषणला म्हणाली, आणि घटकाभर तिला बरं वाटलं. प्रवरा दोरीवर ओणवी होऊन नीट बघत होती.

"मम्मी, बाळाची आज्जी कुठंय?"

आजूबाजूचे चार लोक हसले. रेश्माही हसली, अगदी मोकळं, पदर तोंडाला न लावता. "घरी असंल," ती म्हणाली. "धारा काढायला."

चांगुणा हसली नाही. बापाची, बाळाची, गायीचीसुद्धा जागा होती त्या गोठ्यात, आणि पोरीला मात्र आपणच कमी दिसलो. आता हिला आपल्यापासून कोण तोडणार? तिनं प्रवराला उचलून कडेवर घेतलं. पाच वर्षांची धष्टपुष्ट पोर, चांगुणाची कंबर भरून आली, पण तिनं खाली ठेवली नाही.

हरणं आली. तारेची, पांढऱ्या दिव्यांची, आठ-दहा हरणं हिरवळीवर उभी केलेली. बिभीषणने ठरल्याप्रमाणे रेश्माला हाक मारली, ये गं, तुझा एक फोटो काढतो, आणि तिला पुढं नेलं. चांगुणा मागं थांबली. राखाडी जाकीट तिला लगेच दिसलं. उंच, सडसडीत, केस नीट विंचरलेला माणूस पलीकडच्या दोरीपाशी हात मागं बांधून उभा होता. तो टक लावून बघत नव्हता, हे तिला आवडलं. एकदा बघायचा, मग हरणांकडं बघायचा, मग पुन्हा.

प्रवरा कडेवरून वळवळत होती. तिला मम्मीकडं जायचं होतं. चांगुणाने तिला साबणाच्या फेसाचा बर्फ दाखवला, लाल कपड्यातला सांता दाखवला, पिशवीतून चकली काढून दिली. पोरीनं चकली घेतली आणि चकलीच्या हातानं मम्मीकडं बोट दाखवलं. तिकडं बिभीषण मोबाइल धरून इकडं बघ, इकडं बघ म्हणत होता, आणि रेश्मा दर वेळी मान वळवून मागं बघत होती. पोर कुठं आहे ते दिसलं की मगच कॅमेऱ्याकडं तोंड करायची. चांगुणाने दोन वेळा एका जाड्या माणसाच्या आड सरकून पाहिलं. रेश्मानं दोन्ही वेळा टाचा उंचावून त्यांना शोधून काढलं.

अखेर फोटो झाले. पुढं सांताच्या दिव्यांच्या घसरगाडीत बसवून पोरांचे फोटो काढत होते आणि तिथं लांबलचक रांग होती. प्रवरा आता कुणाच्या बापाला ऐकेना. रेश्मा तिला घेऊन रांगेत उभी राहिली. बिभीषणने बहिणीला डोळ्यानं खुणावलं आणि दोघं कडेला, जनरेटर धडधडत होता त्या बाजूला गेले. अजिनाथ तिथं आला. बोलायचं नाही असं ठरलेलं असताना तो आला, म्हणजे पसंत पडली, असं चांगुणाला वाटलं. त्यानं वाकून नमस्कार केला.

"मावशी, राग मानू नका," तो म्हणाला. "बाईंत काई खोट न्हाई. बिभीषणमामांनी सांगितलं त्यापेक्षा चांगल्याच हायेत. पर मी न्हाई म्हनतो."

बिभीषणने काय झालं म्हणून विचारलं. अजिनाथ जरा घुटमळला. मग त्यानं सांगितलं ते असं. पोर सोडून यायला बाईची तयारी आहे, असं कळल्यापासून त्याला झोप नव्हती. सोय झाली, असं त्याच्या चुलत्यानंही म्हणून पाहिलं होतं. पण पाच वर्षांची पोटची पोर जी सोडू शकते, ती उद्या आपण अंथरुणाला खिळलो तर आपल्यालाही सोडेल, हे त्याच्या मनातून जाईना. तरी प्रत्यक्ष बघून ठरवू म्हणून तो आला होता.

"आन बघितलं तर त्या सारख्या वळून पोरीलाच शोधत हुत्या," तो म्हणाला. "मग तयार कशा झाल्या, ते मला कळंना. जे कळत न्हाई त्यात मला पडायचं न्हाई."

चांगुणाचं ते महिनाभर घोळवलेलं उत्तर, दुसऱ्याची पोर कोण सांभाळतो, जागच्या जागी खोटं पडलं होतं. इथं एक माणूस पोर नको म्हणून नव्हे, पोर सोडली म्हणून चालला होता. अजिनाथने पुन्हा हात जोडले आणि बाहेरच्या वाटेला लागला.

आणि चांगुणाला, खोटं कशाला सांगायचं, आधी सुटल्यासारखं वाटलं. पोर राहिली. रेश्माही राहिली. तिनं मागितलं होतं त्याहून जास्त मिळालं, आणि बोल लावायला कुणी नाही. घरी गेल्यावर रंभाजीला म्हणायचं, पसंत पडली न्हाई, नशीब. रेश्माला तर काही सांगायचंच नाही. उद्या सकाळी कोल्हार, नेहमीसारखी धार, नेहमीसारखा चहा. किती सोपं होतं.

शेजारी बिभीषण मोबाइल खिशात कोंबत होता. त्याचा चेहरा पडला होता.

"त्यो म्हनतो ते खरं हाय, आक्का," तो म्हणाला. "मी बोललो न्हाई आजवर. पर पोटची पोर सोडायला तयार झाली, म्हंजी कसली बाई म्हनायची."

चांगुणाने भावाकडं बघितलं. हा सख्खा भाऊ, रेश्माला लेकीसारखा मानणारा. हाच असं बोलतो, तर अजिनाथचा चुलता काय बोलेल? कारखान्यात काय बोलतील? पाथर्डीपासून कोल्हारपर्यंत बातमी यायला किती वेळ लागतो? गोरखची बायको पोर टाकून लग्नाला निघाली होती. बोभाटा नको म्हणून लांबून बघणं ठरवलं, आणि बोभाट्याचं बी तिनंच आपल्या तोंडानं पेरलं होतं. रेश्मा मेली तरी ते तिला चिकटून राहील. आणि तिला कळणारसुद्धा नाही की लोक आपल्याकडं असं का बघतात.

तिकडं रांगेत रेश्मा गुडघ्यांवर बसून पोरीच्या स्वेटरची बटणं लावत होती. एक बटण चुकलं, तर सगळी सोडून पुन्हा पहिल्यापासून लावायला लागली.

चांगुणाने पिशवी बिभीषणच्या हातात दिली आणि ती चालायला लागली.

बाहेरच्या वाटेवर अजून एक बोगदा होता, निळ्या दिव्यांचा. लोक त्यात थांबून थांबून चालत होते. चांगुणा त्यांना कोपरानं सारत, सरा हो, सरा जरा म्हणत पुढं घुसली. कुणीतरी म्हणालं, मावशी, दिवे बघा की, कुठं पळता? सांतानं तिच्यापुढं गोळ्यांची पिशवी धरली, तिनं त्याचा हात बाजूला केला. लोकांनी तिकीट काढून बघितलेले ते दिवे तिच्या डोळ्यांपुढून गेले आणि तिला एकसुद्धा दिसला नाही. राखाडी जाकीट तेवढं दिसत होतं, मग तेही दिसेना. बाहेर पडली तेव्हा तिचा श्वास वरच्या वर होता. अजिनाथ पार्किंगमध्ये मोटारसायकलचं स्टँड काढत होता.

"तिला ठावंच न्हाई," चांगुणा म्हणाली.

तो थांबला. काय ठाऊक नाही, असं त्यानं विचारलं.

"काईच न्हाई. तुमी येनार ते न्हाई, आन पोरीचं तर न्हाईच न्हाई. मी म्हनले तयारी हाय. माज्या मनानं. मला पोर ठिवून घ्यायची हुती."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, हा आता काहीतरी लागेल असं बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. अजिनाथ नुसता गाडीच्या हँडलवर हात ठेवून उभा राहिला. त्यानं विचारलं, हे बिभीषणमामांना माहीत आहे का? नाही. घरी माहीत आहे का? नाही. त्यानं स्टँड पुन्हा लावलं.

"मावशी, तुमी त्यास्नी सांगा," तो म्हणाला. "मी सांगनार न्हाई. मी त्या चहाच्या गाड्यावर हाय. सांगितल्यावर त्यास्नी मला भेटावं वाटलं तर भेटतील. न्हाई वाटलं तर मी चहा पिऊन जाईन."

बाहेर पडायच्या तोंडाशी सिमेंटचं बाकडं होतं. चांगुणा त्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. बऱ्याच वेळानं तिघं बाहेर आली. प्रवरा फोटो दाखवायला धावत आली आणि आज्जीच्या मांडीवर चढली. सासूला आत्या म्हणणाऱ्या रेश्मानं विचारलं, आत्या, तुमी मधेच कुठं गेलात? बरं वाटंना का?

चांगुणाने सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, कारण पाचवं तिच्याजवळ नव्हतं. माणूस कोण, का आला होता, काय अट सांगितली होती आणि ती कुणी सांगितली. बिभीषण ऐकता ऐकता खाली बघायला लागला.

"मला बघायला कुनीतरी येनार हे मला कळलं हुतं," रेश्मा म्हणाली. "जांभळी साडी नेस म्हनलात तवाच. मी नेसले. मनात म्हनलं, पोरीसकट करतो म्हनला तर हो म्हनायचं." मग तिचा आवाज बदलला. "तुमी मला इचारायचं हुतं, आत्या."

"तू न्हाई म्हनली असतीस."

"व्हय. म्हनूनच इचारायचं हुतं."

रेश्मा रागावली असती, ओरडली असती, तर चांगुणाला पाय धरता आले असते. रेश्मा रडलीही नाही. तिनं चहाच्या गाड्याकडं बघितलं. तिथं राखाडी जाकीट पाठमोरं उभं होतं. तिनं निऱ्या सारख्या केल्या आणि पोरीपुढं हात केला.

"चल, प्रवरा."

पोरीनं हात घेतला नाही. मोठ्यांचं काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं होतं, आणि असं कळलं की ती जिथं जायची तिथंच गेली. तिनं आज्जीच्या गळ्याला मिठी मारली आणि तोंड पदरात खुपसलं. "मला आज्जीजवळ राह्यचंय," ती म्हणाली. रेश्मा हात पुढं करून तशीच उभी राहिली, आणि तो हात हळूहळू खाली यायला लागला.

चांगुणाच्या मानेवर पोरीचा गरम श्वास लागत होता. हेच तर ती महिनाभर स्वतःला सांगत आली होती, की पोर आपल्यावाचून राहायची नाही. बघा, नाहीच राहत. तिला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. एवढं गप्प बसली की रेश्मा आपली आपण माघार घेईल, गाड्यावरचा माणूस चहा संपवून निघून जाईल.

तिनं मानेमागची पोरीची बोटं चाचपली आणि एकेक करून सोडवली. एक सुटलं की दुसरं घट्ट व्हायचं. पोर चिडून आणखी जोरानं चिकटली, तशी चांगुणाने तिला मांडीवरून उचलून खाली उभं केलं आणि तिचा हात रेश्माच्या हातात दिला.

"जा," ती म्हणाली. "मम्मीसंगं जा."

आज्जी कधी असं बोलत नसे. पोर रडायचं विसरून तिच्याकडं बघत राहिली. रेश्मानं तिला उचललं आणि चालायला लागली. मागं वळून बघितलं नाही.

बाकड्यावरून चहाचा गाडा दिसत होता. अजिनाथ दोघींना बघून बाजूला झाला, त्यानं प्लास्टिकची एक खुर्ची पुढं ओढली. रेश्मा बसली नाही. उभ्यानंच काहीतरी बोलली, तो मान हलवत ऐकत होता. मग त्यानं पोरीला काहीतरी विचारलं आणि पोरीनं बाकड्याकडं बोट केलं. दोघांनी इकडं बघितलं. चांगुणा अर्धवट उठली. कुणी बोलावलं नाही. ती खाली बसली.

थंडी वाढली होती. ओढाताणीत पोरीची लोकरीची टोपी निघून चांगुणाच्या मांडीवर पडली होती, ते तिच्या आता ध्यानात आलं. तिनं टोपी उचलली, झटकली, उलटी सुलटी केली. गाडा वीस पावलांवर होता. टोपी द्यायला म्हणून गेलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं.

"बिभीषणा," ती म्हणाली, "ही तेवढी देऊन ये."

बिभीषणने टोपी घेतली. कान झाकून घाल म्हनावं, हे सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. ते रेश्माला ठाऊक होतं.